शह, चेक आणि अण्णांची सही

बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच गोष्टींची खरी भीती वाटते. एक ऑडिट आणि दुसरी मुलीचा इंग्रजीचा गृहपाठ. त्यातल्या त्यात ऑडिट बरं. ते सांगून येतं आणि चहा-भजी खाऊन जातं. गृहपाठ रात्री साडेनऊला येतो, तोही आपण सदऱ्याची वरची दोन बटणं काढून वाऱ्याला बसलेले असताना.

"बाबा, 'चेक' शब्दाचे पाच अर्थ आणि प्रत्येकाचं एक वाक्य. उद्या द्यायचंय."

चेक! वाचकहो, माझा आनंद काय वर्णावा? मुलगी थेट वाण्याच्या दुकानातच साखर मागायला आली होती. मी बी.कॉम., त्यातून बँकेचा कारकून. आजवर किती चेक या हाताखालून गेले असतील त्याचा हिशेब माझ्याच बँकेला लागणार नाही. मी घसा खाकरून पहिलं वाक्य सांगितलं, "माझे वडील रोज पुष्कळ चेक पास करतात."

चिमीनं पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, तुमच्या चेकचं स्पेलिंग वेगळं असतं. शेवटी क्यू-यू-ई. आमचा साधा, सी-के वाला."

म्हणजे ज्या शब्दावर चोवीस वर्षं घर चाललं तो शब्द घरच्याच परीक्षेत स्पेलिंगवर नापास! स्वयंपाकघरातून आवाज आला, "चेक्सचा शर्ट लिही गं. तुझ्या बाबांकडे दुसरे शर्टच नाहीत." एक अर्थ जमा झाला. दुसरा 'तपासणे', तिसरा 'अडवणे'. चौथा मी अमेरिकेतून आयात केला. माझा मेहुणा तिकडे नवीन गेला तेव्हा हॉटेलात जेवण झाल्यावर वेटरनं त्याला 'चेक आणू का?' असं विचारलं. मेहुण्यानं स्वाभिमानानं स्वतःचंच चेकबुक बाहेर काढलं. तिथं बिलालाच चेक म्हणतात हे त्याला नंतर कळलं. पाचवा अर्थ मात्र काही केल्या सापडेना.

तो दिवाणखान्यात अण्णांच्या समोर पटावर मांडून ठेवलेला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. आम्ही सांगलीचे. सांगलीत हळद, भडंग आणि बुद्धिबळ यांची कधी टंचाई पडत नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्या पुण्याईनं इथल्या कित्येक घरांत पाटावर ताट येण्याआधी पट येतो. आमची चिमी मात्र या खेळाकडे ढुंकून बघत नव्हती. मग २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी आजोबांसमोर पट घेऊन बसली. तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी एकच भांडण.

"चेक!" चिमी.

"शह म्हण," अण्णा.

"चेकच म्हणतात, आजोबा."

"साहेब म्हणत असेल. आपला खेळ, आपला शब्द. शह."

त्या रात्री दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी कारकून आहे. वादग्रस्त बाब वरिष्ठांकडे पाठवायची, एवढंच मला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी होती. मी वाचनालयात गेलो आणि दोन हातांनी उचलावा लागतो असा शब्दकोश टेबलावर घेऊन बसलो. कॉमर्सवाल्याचा आणि व्युत्पत्तीचा संबंध तसा व्याही-विहिणीसारखा. नमस्कार करायचा आणि लांब बसायचं. पण त्या दिवशी बैठक जमली ती जमलीच.

त्याचं असं आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा आपल्याकडचा खेळ म्हणजे चतुरंग. तो इराणात गेला, तिथं त्याचा 'चतरंग' झाला. अरबांनी त्याचा 'शतरंज' केला. इराणात राजाला म्हणतात 'शाह'. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की, बाबा रे, तुझा राजा सांभाळ, अशी सूचना द्यायची रीत होती. म्हणून खेळाडू ओरडायचा, "शाह!" राजाला सुटायला वाटच उरली नाही की "शाह मात!" त्यातल्या 'मात'चा अर्थ कोणी 'मेला' असा करतात, कोणी 'हतबल झाला' असा. राजाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही.

हाच 'शाह' मराठीत आला आणि 'शह' झाला. त्याच्या पोटी काटशह जन्मला, ज्याच्यावर आपलं अर्धं राजकारण चालतं. 'मात'ही आली, म्हणून आपण संकटांवर मात करतो. आणि हाच 'शाह' अरबांबरोबर युरोपात शिरला. लॅटिन पंडितांनी त्याचं नाक जरा वाकडं केलं, फ्रेंचांनी त्याला 'एशेक' म्हटलं आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' कापून टाकला. उरला 'चेक'!

म्हणजे आमच्या दिवाणखान्यात दोन पिढ्या रोज संध्याकाळी एकाच शब्दावरून एकमेकींशी भांडत होत्या. एकीचा शब्द घरी राहिलेला, दुसरीचा विलायतेला जाऊन कोट घालून परतलेला, एवढंच.

शब्दकोशाचं पुढचं पान उलटलं आणि बाकीच्या अर्थांचीही वंशावळ लागत गेली. राजाला शह बसला की बाकीचा खेळ थांबतो, आधी राजाचं बघावं लागतं. म्हणून चेक म्हणजे थांबवणं, रोखणं. रोखायचं ते ताब्यात ठेवण्यासाठी. आणि ताब्यात ठेवायचं तर बरोबर आहे का ते पाहायला हवं, म्हणून चेक म्हणजे तपासणं. मुंबईच्या वेशीवर मुलुंडचा चेकनाका आहे ना, तिथं जकातीसाठी ट्रक आधी अडवत आणि मग तपासत, म्हणजे दोन्ही अर्थ एकाच फटक्यात वसूल. मुंबईची जकात २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आल्यावर गेली, पण नाव अजून तिथंच उभं आहे. आणि बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी ज्यावर असते ते चेक्सचं कापड. म्हणजे मी चोवीस वर्षं अंगावर बुद्धिबळाचा पट घालून कामावर जातो आहे, आणि पटावरच्या प्याद्याइतकाच माझा पगार आहे, हे उगाच नव्हे.

आता आपण माझ्या खात्यात येऊ, म्हणजे क्यू-यू-ईवाल्या चेककडे.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्याला नाव होतं 'एक्सचेकर'. त्यांचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवून घेतो. नावाचा अर्थ काय? बुद्धिबळाचा पट! दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकात या खात्यावर एक पुस्तकच लिहायला घेतलं. कुठल्याही बँकेतलं सर्क्युलर असतं तसं ते नाही. त्यात एक विद्यार्थी प्रश्न विचारतो आणि गुरुजी उत्तरं देतात. गुरुजी सांगतात की एक मोठं टेबल असतं, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वरचं काही घरंगळून पडू नये म्हणून कडेला चार बोटं उंचीचा काठ. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि कापडावर रेघा आखलेल्या. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. म्हणून रेघांमधल्या घरांत सोंगट्या मांडून हिशेब करत. पेनीचं घर वेगळं, शिलिंगचं वेगळं, पौंडाचं वेगळं.

नुसत्या दिसण्यावरून असं नाव कसं पडलं, असं विद्यार्थी विचारतो. तेव्हा गुरुजी फार मजेदार गोष्ट सांगतात. बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई, तशी या टेबलावर दोघांची. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला हिशेब द्यायला आलेला शेरीफ. हा शेरीफ म्हणजे आपल्या मामलेदाराचा मावसभाऊ समजा. त्यानं परगण्यातून वसूल केलेल्या पैशांचा वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला, इथं जबाब द्यायचा. हे वाचताना मला आमच्या ऑडिटची आठवण येऊन घाम फुटला. साडेआठशे वर्षांत फक्त टेबलावरचं कापड बदललं आहे.

शेरीफनं पैसे भरले की पावती मिळे ती लाकडाची. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि मग काठी उभी चिरायची. एक भाग भरणाऱ्याला, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जुळवून पाहायचे. खोटेपणा करायची सोयच नाही, कारण लाकडाच्या रेषा जुळायला हव्यात. या काठ्या १८२६ पर्यंत चालू होत्या. मग बंद झाल्या आणि साठलेला ढिगारा नकोसा झाला. १८३४ च्या १६ ऑक्टोबरला दोन गाड्या भरतील इतक्या काठ्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या. काठ्या सुक्या ठणठणीत. संध्याकाळपर्यंत भट्टी तापली आणि रात्री पार्लमेंटच पेटलं. दोन्ही सभागृहं खाक झाली. आमच्या शाखेत जुनी व्हाउचरं रद्दीत काढायला चार सह्या का लागतात याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा समाधानकारक उत्तर मिळालं.

पुढं कागद आला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे पैशाचा कागद नव्हे, तर त्याचं मागं राहणारं अर्धुक. कोणी खाडाखोड केली तर ते तपासता, म्हणजे चेक करता यावं म्हणून. हळूहळू अर्धुकाचं नाव कागदालाच चिकटलं. आणि इंग्रजांना वाटलं की ज्या कागदावर पैसे मिळतात त्याचं स्पेलिंग खजिन्याच्या तोलाचं पाहिजे. म्हणून 'एक्सचेकर'च्या वळणानं त्याला क्यू-यू-ईचं शेपूट जोडलं. अमेरिकनांनी ते शेपूट ठेवलंच नाही. त्यांच्याकडे बँकेचा चेकही सी-के वालाच. म्हणजे माझं वाक्य चुकलं नव्हतं, फक्त अमेरिकेत बरोबर होतं.

आणि एक गोष्ट मी माझ्या जातभाईंच्या अभिमानासाठी सांगतो. लंडनच्या बँकांचे कारकून दुसऱ्या बँकांवरचे चेक घेऊन पैसे आणायला दिवसभर दारोदार पायपीट करायचे. १७७० च्या सुमारास त्यांनी डोकं चालवलं. लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या 'फाइव्ह बेल्स' नावाच्या गुत्त्यात भेटायचं, आपापसांत चेकची अदलाबदल करायची आणि फक्त फरकाचे पैसे द्यायचे. क्लिअरिंगची सुरुवात ही अशी! साहेबाच्या केबिनमध्ये नव्हे, कारकुनांच्या पाय दुखण्यातून. चेकवर तिरक्या रेघांत बँकेचं नाव लिहायची, म्हणजे क्रॉसिंगची चालही याच क्लिअरिंगच्या कारकुनांनी पाडली. आपल्याकडे १८८१ च्या कायद्यात ते क्रॉसिंग कलमाकलमांनी आलं, पण कारकुनांचं नाव कुठल्याच कलमात नाही. हे आमच्या खात्याच्या परंपरेला धरूनच झालं.

आपल्याकडे चेकच्या आधी हुंडी होती. हुंडी 'वटायची', म्हणून आज चेकही वटतो. त्यात एक शहाजोग हुंडी असे. ती कोणाही येरागबाळ्याला नाही, तर पतदार सावकारालाच पैसे मिळतील अशी. क्रॉस चेकची थोरली बहीण म्हणा. इथं मला मोह झाला होता की हाही 'शह' त्याच इराणी राजाचा ठरवून टाकावा. पण हा शाह निराळा, 'साधू' शब्दातून 'साहू' होऊन आलेला. दिसायला सारखा आणि घराणं वेगळं. आपण मात्र आज 'शहाजोग' कोणाला म्हणतो? साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला. तीन पिढ्यांत पत कशी जाते ते शब्दांकडून शिकावं.

हे सगळं मी घरी येऊन मोठ्या जोशात सांगितलं. चिमीला पाचवा अर्थ मिळाला. अण्णा पटावरून नजर न काढता म्हणाले, "म्हणजे मी बरोबर."

"मीपण बरोबर," चिमी म्हणाली. खटला निकाली निघाला.

पण अर्थ अजून संपले नव्हते. पुढच्याच आठवड्यात मिरजेत मुलांच्या स्पर्धा होत्या. नातीची फी आणि तिला एक बुद्धिबळाचं घड्याळ, हे सगळं आपल्या पेन्शनमधून द्यायचं, असं अण्णांनी ठरवलं. सोमवारी ते स्वतः रिक्षानं शाखेत आले आणि रांगेत उभे राहिले. मुलगा आत नोकरीला आहे म्हणून रांग मोडणं त्यांना कधीच जमलं नाही. माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी अडीच हजारांचा चेक पुढं सरकवला.

घरच्यांच्या खात्याला आपण हात लावू नये. मी तो शेजारच्या खिडकीवर दिला. तिथली मुलगी नवी, हुशार. तिनं पडद्यावर नमुन्याची सही काढली, चेककडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "सर, सही जुळत नाही. पण तुमचेच वडील आहेत ना? करून टाकू?"

मी पडद्यावरची सही पाहिली. खातं उघडलं तेव्हाची, वीस वर्षांपूर्वीची. बालबोध, टपोरी, शिरोरेघ जणू पट्टीनं मारलेली. या अक्षरात अण्णांनी फळ्यावर चाळीस वर्षं 'सुविचार' लिहिले. मग चेक पाहिला. गेल्या दोन वर्षांत कंपवातानं त्यांचा उजवा हात धरला आहे, हे मला माहीत होतं. चहाचा कप ते दोन हातांनी धरतात हेही मी रोज पाहत होतो. पण सही पाहिली नव्हती. शिरोरेघ वर-खाली होत कागदावरून गेली होती आणि खालची अक्षरं तिला धरून कशीबशी लोंबत होती.

समोर माणूस खरा होता, नाव खरं होतं, खात्यात पैसे होते. खोटी दिसत होती ती फक्त सही. पण आज माझे वडील म्हणून मी सोडलं, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर दुसराच कोणी अशी थरथरती सही ठोकून पैसे नेईल, त्याला मी कोणत्या तोंडानं अडवणार? नमुन्याची सही ठेवतात ती याचसाठी. मी म्हणालो, "नको. परत कर."

अण्णांना मीच जाऊन सांगितलं. ते बाकावर बसले होते. काही वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "शह दिलास."

"अण्णा, आपण अंगठा लावू या. दोन साक्षीदार, पाच मिनिटांचं काम..."

"अंगठा?" त्यांचा आवाज चढला नाही, तरी मला शाळेतला बाक आठवला. "अठ्ठ्याहत्तर साली प्रौढशिक्षणात रात्री कंदील घेऊन मी वस्तीवर जायचो. अंगठा लावणाऱ्या माणसांना सही शिकवायला. आता मी अंगठा लावू?"

यावर कोणतंही सर्क्युलर नाही. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि दुपारी डबा उघडला तो तसाच बंद केला.

रात्री घरी पोचलो तर दिवाणखान्यात पट नव्हता. चिमीची दुरेघी वही उघडी होती आणि अण्णा वाकून सही करत होते. एक, दोन, दहा. चिमी शेजारी लाल पेन घेऊन. मी सकाळी तिला एक गोष्ट सांगून ठेवली असती तर बरं झालं असतं, पण ती तिला आपोआपच सुचली होती. ती म्हणत होती, "आजोबा, चांगली नाही काढायची. रोज सारखी आली पाहिजे."

बँकेत सही सुंदर आहे का ते कोणी पाहत नाही. ती तीच आहे का ते पाहतात. हात थरथरतो तर थरथरू द्या, फक्त नाव दर वेळी त्याच वळणानं थरथरायला हवं. अण्णांनी नाव छोटं केलं, जोडाक्षर सोडून दिलं, शिरोरेघ तुटक केली. चाळीस वर्षं जिच्यासाठी पोरांचे कान पिळले ती शिरोरेघ तुटक करताना त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. चार दिवसांत वही भरली. चिमी प्रत्येक पानाखाली बरोबरची खूण करत होती आणि आजोबा ती खूण मुकाट्यानं घेत होते.

शुक्रवारी अण्णा पुन्हा रांगेत उभे राहिले. मॅनेजरसाहेबांसमोर ओळख पटवून नव्या सहीचा नमुना दिला, अर्जावर सह्या केल्या. त्याच मुलीनं पडद्यावर पाहिलं, चेक पाहिला आणि पैसे मोजून दिले. अण्णांनी ते दोनदा मोजले, दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहत. मग म्हणाले, "काटशह."

मिरजेत चिमी सहापैकी चार डाव हरली. जिंकलेल्या दोन डावांत ती 'शह' म्हणाली की 'चेक', हे मी विचारलेलं नाही. स्पर्धेत तोंडानं काहीच म्हणायची गरज नसते म्हणे.

गृहपाठाची वहीही तपासून आली. पाच वाक्यं मागितली होती, पोरीनं सहा लिहिली होती. सहावं क्यू-यू-ईवाल्या चेकचं होतं. तिच्या आजोबांचा चेक एकदा परत आला, पण आजोबा परत गेले नाहीत, अशा अर्थाचं. बाईंनी खाली लाल शाईत मोठी बरोबरची खूण केली होती. अमेरिकेत तिलाही चेकच म्हणतात, म्हणजे सातवा अर्थ बाईंनीच लिहिला होता. त्याखाली बाईंची सही होती. सवयीनं मी ती मागच्या पानावरच्या सहीशी ताडून पाहिली.

अजिबात जुळत नव्हती.